बारा गणपती आणि एक बांगडा

कराडहून निघताना दुकानाची नवी पाटी रंगवून झाली होती. टॅटू काढायला शिकणं तेवढं राहिलं होतं. पंधरा वर्षं नवऱ्यामुलींना मेंदी काढणारी बाई हे दहा दिवसांत शिकेल, असं मी घरी ठणकावून सांगितलं होतं. त्यामुळे नापास होऊन परतायची सोय नव्हती.

मुक्काम लालबागला, आत्याच्या चाळीत. आत्या जन्माने कराडचीच, पण तीस वर्षं मालवणी सासरी काढून ती सासूपेक्षा अस्सल मालवणी बोलते. गेल्या गेल्या तिने तिसऱ्यांचं सुकं (शिंपल्यांची सुकी भाजी) वाढलं आणि मी कशासाठी आले तेच विसरले.

क्लास दादरला, एका जिन्याखालच्या खोलीत. सर मानेपर्यंत गोंदलेले, पण स्वभावाने थेट गणिताचे मास्तर. मशीन हातात घेतलं आणि पहिल्याच रेघेला मी कागद फाडला.

"ताई, घरी नेऊन आधी केळ्यावर सराव करा," सर म्हणाले. "साल फाटली की समजायचं, गिऱ्हाईक रडलं."

मी डझनभर केळी आणली आणि हातात बसलेलं चित्र म्हणून बाराही केळ्यांवर गणपती काढले. सुरेख आले. शाबासकीसाठी आत्याला दाखवले.

"आता ही सोलतलो कोण?" (सोलणार कोण) आत्याने विचारलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खाववेनात, कचऱ्यात टाकवेनात. बाराही देवघरात गेले आणि तीन दिवसांत काळे पडले. शेवटी गिरगाव चौपाटीवर जाऊन आम्ही त्यांचं विसर्जन केलं. शेजारी भेळ खाणाऱ्या आजोबांनी आदराने चौकशी केली, "किती दिवसांचे?"

"तीन," आत्या म्हणाली.

दहाव्या दिवशी परीक्षा होती आणि जिवंत माणूस ज्याचा त्याने आणायचा होता. मी चाळीत दारोदार विचारलं. केळ्यांची हकिगत माझ्याआधी पोचली होती. सगळ्यांनी चहा दिला, हात कोणीच दिला नाही. परत येऊन मी आत्यासमोर चक्क रडले.

तिने भाजी निवडता निवडता मनगट पुढे केलं. "हय काढ. पण देव नको. मग बांगडे खंयच्या (कुठल्या) हातान साफ करू?"

"मग काय काढू?"

"बांगडो."

घाटावरच्या मला सगळे मासे सारखेच. मोबाइलवरचा एक फोटो बघून काढला. सुई चालू असताना आत्या सरांना जेवायला यायचं निमंत्रण देत होती. सरांनी भिंग लावून पाहिलं आणि पास केलं.

परतीच्या एसटीत आत्याचा फोन आला.

"बाजारात माझी कोळीण म्हणता, ही तारली (बांगड्याहून लहान, वेगळा मासा) आसा. मी सांगितलंय तिका, माझ्या भाचीन काढलेलो बांगडोच तो. तीस वर्षांची कोळीण, आज सोडलंय (सोडली) तिका."

प्रमाणपत्र पिशवीत होतं, पण खरी पास झाले ती त्या फोनवर. डोळे पुसून मी मनगटाचा फोटो उघडला आणि शेजारी बांगड्याचा आणि तारलीचा लावून पाहिला.

तारलीच होती.