शेजारचा पॅन

लंडनमध्ये हॅरोला आमच्या शेजारी एक वेस्ट इंडियन गृहस्थ राहतात. ते बँडमध्ये वाजवतात. त्यांच्या बेटावरचं जुनं संगीत आणि जॅझ एकत्र करतात, असं सून सांगते. तेलाचं पिंप कापून, ठोकून केलेलं त्यांचं वाद्य खोलगट तव्यासारखं दिसतं. त्याला ते पॅन म्हणतात. सूर लावायला बागेत बसून त्यावर हातोडी मारतात आणि कान तिरका करून ऐकतात. मला त्या हातोडीची भीती वाटायची. पॅन मात्र ते कधी खाली ठेवत नाहीत, मूल कडेवर घ्यावं तसा घेतात.

एकदा सून कामावर असताना मी कचरा टाकायला बाहेर आले आणि मागे दार लॉक झालं. आत तान्ही नात झोपलेली, गॅसवर दूध. सून दुधाच्या पातेल्यालाही पॅनच म्हणते. मी कुंपणाशी धावले. ते बागेतच होते. तेवढाच शब्द सुचला.

"पॅन! पॅन!"

ते खूश झाले. "यू लाइक पॅन, आंटी? वन मिनिट!" आणि आत जाऊन आपला पॅन आणि हातोडी घेऊन आले.

"नो, नो! बेबी! गॅस!" मी रडत खिडकीकडे बोट केलं. आत धूर दिसत होता.

त्यांनी पॅन तसाच फरशीवर टाकला, हातोडी उचलून कुंपण ओलांडलं आणि दाराची काच फोडली.

नात झोपलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी सुरू झाली. पॅनला पोचा आला होता. दर ठोक्याला सूर लागतो की नाही, या धास्तीने मीही कान देऊन बसले.