दोन प्रोसेसर आणि एक अडेल ड्रायव्हर

गोंदियाजवळच्या एका राइस मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळते. जुना सर्व्हर थकला म्हणून शेठजींनी नवा आणला. निवड त्यांच्या नागपूरच्या साळ्याची. आत दोन प्रोसेसर होते, आणि चहाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या बंद डब्याचं दर्शन घडवलं जाई.

धानाचे ट्रक वजनकाट्यावर येऊ लागले, वजनांच्या नोंदी भराभर पडू लागल्या आणि सर्व्हर गोठला. स्क्रीनवर सगळं दिसायचं, हलायचं काहीच नाही. बंद करून चालू केला की चालायचा. गर्दी वाढली की पुन्हा समाधी. बाहेर ट्रकवाल्यांनी रस्त्याच्या कडेला भात शिजवायला घेतला.

"काऊन बंद पडून राहिला ना हा?" शेठजी म्हणाले.

"ड्रायव्हर अडकून राहिला जी."

"कोनत्या गाडीचा?"

डिस्ककडून काम करून घेणाऱ्या प्रोग्रॅमलाही ड्रायव्हर म्हणतात, हे त्यांना पटेपर्यंत आणखी ट्रक आले.

मी डिस्कच्या कंपनीला फोन लावला. "मॅडम, एकदा रिस्टार्ट करून बघता का?" पलीकडचा मुलगा इतक्या मायेने म्हणाला, की जणू हा उपाय त्यानेच शोधून काढला असावा.

जुन्या सर्व्हरवर हाच ड्रायव्हर निमूट चालत होता. तिथे प्रोसेसर एकच. म्हणून मी नव्यातला एक बंद केला. सर्व्हर दिवसभर सुरळीत चालला. म्हणजे दोघं एकाच वेळी डिस्क मागायला गेले, की ड्रायव्हर दोघांनाही थांबवून ठेवत होता आणि स्वतःही थांबत होता. आपल्याकडच्या कार्यालयांत ही पद्धत रुळलेली आहे. पण कॉम्प्युटरमध्ये तिला दोष मानतात.

रांग ओसरली. शेठजी मात्र दुखावले. "म्हणजे अर्धी मशीन फुकट पडून राहिली? साळ्याले काय सांगू?"

"काही नका सांगू," मी म्हटलं. तो सल्ला त्यांना आवडला.

मी कंपनीला सगळं सविस्तर कळवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: आमच्याकडे असा प्रकार आढळत नाही. कोणत्या मशीनवर तपासलंत, मी विचारलं. एकाच प्रोसेसरच्या, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. दोनवाल्यावर तपासा, अशी विनंती केली, तर त्यांचंही मशीन लगेच गोठलं. मला इतका आनंद झाला, की मी कॅन्टीनमधून भजी मागवली.

पुढे नवा ड्रायव्हर आला. सोबतच्या टिपणात एवढंच होतं: किरकोळ सुधारणा. मी तो सर्व्हरवर टाकला, दुसरा प्रोसेसर चालू केला आणि काट्यावर एकामागून एक ट्रक सोडायला लावले. सर्व्हर कुठेही अडखळला नाही.

शेठजींनी तिथूनच नागपूरला फोन लावला आणि साळ्याच्या निवडीची तोंडभरून तारीफ केली.