मावशीच्या मशीनचा आकडा

"मशीन किती देता गो मावशे?" असं कोणी विचारलं, की ती आधी डाव्या बाजूला थू थू करायची, मग पदराने मशीनची काच पुसायची आणि मगच उत्तर द्यायची. उत्तर ठरलेलं. "कितां देतलां? धूळ देता. व्हयी तर एक पुडी तुका बांदून दितंय." विचारणारा हसायचा. ती हसायची नाही.

धंद्यातला फायदा तोंडाने सांगू नये, सांगितला की दृष्ट लागते, हे तिचं ठाम मत. आमच्या पेडणे तालुक्यात यात नवीन काही नाही. यंदा काजू किती झाले विचारा, "बरें आसा" यापलीकडे कोणी बोलणार नाही. पण व्हेंडिंग मशीनच्या डोक्यावर लिंबू-मिरची बांधलेली मी तरी तिच्याकडेच पाहिली. सुरक्षा तपासणीवाल्यांनी ती काढायला लावली, तेव्हा तिने ती मशीनच्या आत, बिस्किटांच्या मागे नेऊन टांगली.

हल्ली माझा भाचा मला फोन करतो. म्हणतो, "मामा, व्हेंडिंग मशीनच्या धंद्यात खूप फायदा आहे म्हणे. मशीन ठेवायचं आणि घरी झोपायचं." मोबाईलवर कोणीतरी इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस त्याला हे रोज सांगत असतो. 'झोपायचं' हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. फायदा होतो की नाही? होतो. चांगला होतो. कोणाला होतो ते सांगतो, ऐका.

मी पेडण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कारकून आहे. आम्ही औषधांच्या प्लास्टिकच्या बाटल्या बनवतो. हजेरी, पत्रव्यवहार, किरकोळ बिलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. या कारखान्याच्या गेटसमोर मावशीचा गाडा होता, मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून. चहा, मिरची भजी, पाव आणि सुकी पातळ दोन्ही भाजी. धारगळहून पहिल्या बसने यायची. दोडामार्गकडची पोरं घरून उपाशी निघतात, हे तिला ठाऊक. कोणाचा सोमवार, कोणाला साखर, कोणाची बायको माहेरी गेलीय, सगळं तिच्या डोक्यात. आवाज असा, की कारखान्याचा भोंगा बिघडला तरी कोणाचं अडलं नसतं.

मग आमच्याकडे नवे साहेब आले. साहेबांना गेटसमोरचा धूर खुपला. परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार, त्यांना काय दाखवायचं, भजीची कढई? गाडा हलवायची नोटीस निघाली. ती मीच टाईप केली, हेही आत्ताच सांगून टाकतो.

दुसरी कोणी असती तर रडली असती. ही सरळ ऑफिसात आली, साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहिली. "गाडो नाका मगे? बरां. मशीन चलतां?" म्हापशाच्या एका इस्पितळात बहिणीच्या उशाशी आठ दिवस बसली होती, तिथे तिने ते मशीन पाहिलं होतं. पैसे टाकले की स्प्रिंग फिरते आणि पुडी खाली पडते. साहेबांना गंमत वाटली. मशीन म्हणजे आधुनिक! त्यांनी गेटाच्या आत लगेच, कँटीनच्या बाहेरचा कोपरा दिला, विक्रीवर कंपनीचं कमिशन ठरवलं, आणि दर वर्षी नव्याने परवानगी, असा कागद केला. मावशीने हातातल्या पाटल्या विकल्या आणि जुनं, दुरुस्त केलेलं मशीन घेतलं. त्या दिवसापासून तिचे हात नुसत्या काचेच्या बांगड्यांचे. "गेटीर माजी जागा रवली मरे," एवढंच ती म्हणाली. तिला ती जागाच हवी होती. घरी बसून ती वेडी झाली असती.

मशीन विकणाऱ्या एजंटाने तिलाही तेच सांगितलं होतं, झोपेत पैसे येतात. ती म्हणाली, "न्हिदून माजी फकत कंबर दुखता."

आणि ती झोपली नाहीच. रोज पहिल्या बसने यायची आणि स्टूल टाकून मशीनच्या शेजारी बसायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, माणूस लागू नये म्हणून तर मशीन असतं." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने सात नंबरचं बटण दाबलं आणि शेंगदाणे घेऊन टेबलाशी आलो.

सुरुवातीला चुका केल्या, त्याही तिच्याच पद्धतीच्या. पाव आल्याशिवाय आमच्याकडे दिवस उजाडत नाही, म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात पोदेराच्या भट्टीतले गरम पाव पिशव्यांत बांधून मशीनमध्ये भरले. पावांना घाम सुटला, पिशव्या फुगल्या, स्प्रिंगेत अडकल्या. पैसे गिळून मशीन गप्प. पोरं काचेवर थापा मारताहेत आणि ही मशीनला पोटच्या पोरासारखं झोडपतेय, "ओक रे! ओक म्हणतंय ना!" शेवटी किल्लीने दार उघडून तिने हाताने पाव वाटले. दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये तांबड्या मुंग्यांची जत्रा भरली होती.

पण ती शिकली. एजंटाने दिलेले परदेशी चॉकलेटांचे डबे तिने परत पाठवले. त्यांच्या जागी जत्रेतलं खाजं आणि खटखटे लाडू आले, नीट सीलबंद, वर तारीख. फुटाणे आले. कोकम सरबताच्या बाटल्या आल्या. श्रावणात उपवासाच्या वेफर्सची आख्खी रांग. आणि सगळ्यात खालच्या रांगेत काचेला आतून वर्तमानपत्र लावलेलं असायचं. त्या रांगेत काय आहे हे पुरुषांनी विचारायचं नाही, असा तिचा हुकूम. पॅकिंगमध्ये शंभरावर बायका काम करतात. पूर्वी त्यांना अडचण आली की अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी जावं लागायचं, कारण जवळपास दुकान नाही. ही गोष्ट आमच्या एकाही साहेबाच्या डोक्यात कधी आली नव्हती. माझ्याही नाही. ती सगळ्यात जास्त खपणारी रांग झाली.

मोबाईलला रेंज नसली की लोकांचे पैसे जायचे नाहीत. मग ती किल्ली फिरवायची, पुडी काढून द्यायची, पैसे मागाहून. एवढ्यासाठीच ती तिथे बसलेली. बुडवलं कोणी नाही. तिच्या तोंडाची भीतीच तेवढी होती.

कंपनीच्या कमिशनचं बिल मला करावं लागे आणि साहेब त्यावर न वाचता सही करत, त्यामुळे विक्रीचा आकडा जगात दोघांना माहीत, तिला आणि मला. पहिल्याच महिन्यात तिने मला बजावलं होतं, "बाब, हो आंकडो तुमचे आनी माजे मदीं. तिसऱ्याचे कानार पडूंक जायना." मी हो म्हटलं. आकडा वाढत गेला. दुसऱ्या वर्षी तर मी बिल दोनदा तपासलं, शून्य जास्त पडलं की काय म्हणून. तिने शेजारच्या कारखान्यात दुसरं मशीन ठेवायची बोलणी चालवली होती. मला उगाचच अभिमान वाटायचा. माझं काय होतं त्यात? काही नाही. बिल टाईप करत होतो.

आता जे लिहायचं ते लिहितो.

एका दुपारी साहेबांकडे मीटिंग होती. कँटीनचा ठेकेदार तोट्यात, त्याला वाढवून द्यायचं की काय, अशी चर्चा. साहेब वैतागून म्हणाले, "या लोकांना धंदा करताच येत नाही." 'या लोकांना' म्हणजे आम्हा पेडणेकरांना. मला राग आला. आणि रागाच्या भरात, छाती पुढे काढून, मी बोललो, "साहेब, तसं नाही. आपली मावशी बघा. त्या कोपऱ्यातून माझ्या पगाराच्या दुप्पट काढते."

साहेबांचा कप ओठांशी थांबला. "रिअली?" ते म्हणाले. एवढंच. मग विषय बदलला.

मी खुशीत टेबलाशी आलो. आपण मावशीचं नाव काढलं असं मला वाटत होतं. मूर्ख माणूस! तुम्हीही आपापल्या ऑफिसांत अशी माणसं पाहिली असतील, कोणाची तरी स्तुती करायला जातात आणि त्याच्या पोटावर पाय देऊन येतात. त्या दिवशी ते मी केलं.

महिन्याभरात नवे नियम आले. मशीन चालवणाऱ्याकडे किमान पाच मशीनं हवीत, अमुक उलाढाल हवी, तमुक सर्टिफिकेट हवं, अर्ज ऑनलाइन. असे नियम कोणाला तरी बसावेत म्हणून नव्हे, कोणाला तरी बसू नयेत म्हणून करतात. बसले ते साहेबांच्या ओळखीतल्या एकाला. त्याने येऊन दोन दिवस मशीनसमोर उभं राहून रांगा टिपून घेतल्या. खाजं कुठलं, लाडू कुठला, खालच्या रांगेत काय. मावशीनेच त्याला सगळं समजावून सांगितलं, कंपनीचा माणूस समजून. वर कोकम सरबतही पाजलं. मी खिडकीतून बघत होतो. उठून बाहेर जायला मला काय झालं होतं? नोकरीला चिकटलो होतो, दुसरं काय.

पंधरा दिवसांची नोटीस देऊन तिचं मशीन उचलायला लावलं. तिने गोंधळ घातला, घालायलाच हवा होता. गेटवर उभी राहून तिने साहेबांच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. "माज्या हातांनी हें झाड लायलां, आनी काजी ताणीं पुंजावच्यो?" झाड लावलं तिने, काजू वेचायचे त्यांनी. पॅकिंगच्या बायका कंपाउंडच्या आतून ऐकत होत्या. एकही पुढे आली नाही. मीही नाही. टेंपोत मशीन चढवताना ती ओरडायची थांबली आणि दोरी घट्ट बसली की नाही ते बघत राहिली.

शेजारच्या कारखान्यानेही मग बोलणी बंद केली. मशीन धारगळला तिच्या पडवीत गेलं. जुनं मशीन परत घ्यायला एजंट तयार नव्हता. झोपेत पैसे येतात म्हणणाऱ्याचा फोन लागेना.

काही दिवसांनी, रविवारी, ती माझ्या घरी आली. हातात पिशवी, पिशवीत वेलीची काकडी. "बाब, एक अर्ज बरयात. तुमचां इंग्लीश बरां. सायबाक सांगात, माका परत एक कोनसो दी म्हणून. कमिशन वाडोवन दितंय." तिला वाटत होतं, आकडा साहेबांनी कुठून तरी हिशेबातून काढला. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. तेवढ्यात माझ्या बायकोने तिच्यापुढे चहा ठेवला, ती बायकोला सांगायला लागली की तुझा घोव कसा चांगला माणूस आहे, आणि मी कागद पुढे ओढला. सुरेख अर्ज लिहिला. काकड्या ठेवून घेतल्या.

तो अर्ज मंगळवारी माझ्याच टेबलावर आला. मी त्यावर आवकचा शिक्का मारला. साहेबांनी न वाचता म्हटलं, "नेहमीचं उत्तर दे पाठवून." मी नेहमीचं उत्तर टाईप केलं. 'सहानुभूतीपूर्वक विचार केला, तथापि' हे शब्द माझे. साहेबांना एवढेही सुचले नसते.

पुढच्या आठवड्यात सुट्टीच्या वेळी मी गेटबाहेर पडलो, तर ती बसस्टॉपवर उभी. हातात तेच पत्र, घडी न मोडलेलं. तिला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. "वाचून दाखयात," ती म्हणाली. मी माझंच पत्र तिला मराठीत करून सांगितलं. ती कान देऊन ऐकत होती, मध्ये एकदाही ओरडली नाही. त्यापेक्षा तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"कोणें बरयलां हें?" तिने विचारलं.

"कंपनीने," मी म्हणालो.

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी करून कमरेला खोचलं. धारगळची बस येताना दिसली तशी ती पुढे झाली. पायरीवर पाय ठेवताना वळून म्हणाली, "तुमी आसात म्हणून बरां, बाब. न्हय तर ह्या कागदांत कितां आसा तें माका कोण सांगतलो हंय?"

त्यानंतर ती आमच्या गेटवर कधी आली नाही.