हिरवं तेल

“पेडल दगडासारखं झालंय. पुढून जळका वासही येतोय,” कुलकर्णी सर फोनवर म्हणाले. “खंडाळ्यात आहोत. घाट उतरून खोपोलीत कुणाला तरी दाखवतो.”

“सर, थांबा…”

फोन कटला. पुन्हा लावला, तर बंद.

गाडीत सर होते आणि त्यांची दहा वर्षांची नात. गाडी जुनी, फ्रेंच. तिकडच्या साध्या माणसांना परवडावी म्हणून बनवलेली. पातळ पत्रा, वर ताडपत्रीचं छप्पर. मी तिला डबडं म्हणायचो. तळेगावच्या आमच्या गॅरेजचे मालक आबा मात्र म्हणायचे, “लय हुशार गाडी हाय ती.”

चार दिवसांपूर्वी ती सर्व्हिसिंगला आली होती. ब्रेक ऑइल कमी दिसलं. आबा जेवायला गेले होते. मी नेहमीचं ऑइल ओतून मोकळा झालो.

आता आबांना सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. “आरं, तिला हिरवं तेल लागतंय! दुसरं चालत न्हाई. मला इचारायचं तरी!”

विचारलं नव्हतं. आमच्या घरात इंजिनियर झालेला मी पहिला. सहावी शिकलेल्या माणसाला काय विचारायचं, तेही एका डबड्याबद्दल?

ब्रेकच्या आत रबरी सील असतात. तिचे सील त्या हिरव्या तेलासाठीच बनवलेले. दुसरं ऑइल लागलं की ते फुगतात. आधी ब्रेक धरून ठेवतात, चाक तापतं. मग फाटतात. घाटात फाटले तर संपलंच.

आबा फोन लावत राहिले. मी बाईक काढली. कामशेतला ट्रॅफिक. समोरून अँब्युलन्स आली. आत कोण, कळायला मार्ग नव्हता.

खंडाळ्यात घाटाच्या तोंडाशी गर्दी दिसली. जवळ गेलो, तर हसणं ऐकू आलं. मध्ये ती गाडी उभी, भोवती बाईकवाली पोरं.

“लय कडक गाडी आहे, काका!”

“कसली कडक? आमच्या आजीची पत्र्याची पेटी बरी हिच्यापेक्षा.”

“तुझ्या हप्त्यावरच्या बाईकपेक्षा तरी बरी!”

सर मला बघून खूश झाले. “बरा आलास. कधीचा निघतोय, पण हा पोरगा हिला पेटी म्हणतो. त्याला पटवल्याशिवाय कसा निघू?”

“सर, आधी नातीला उतरवा. चावी द्या.”

“का रे?”

“ब्रेकमध्ये चुकीचं ऑइल आहे. मी घातलंय.”

पोरं बाजूला सरली. चाकांखाली दगड लावून मी पेडल दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ते थेट तळाला गेलं आणि वर आलंच नाही.

सरांनी नातीला जवळ घेतलं.

गाडी टो करून आणली. सील परदेशातून यायला दोन महिने लागले. सर अजून आमच्याकडेच येतात, पण बॉनेट आबांनीच उघडायचं, या अटीवर.

मी आता विचारतो. विचारायला दोन मिनिटं लागतात. तळेगावहून खंडाळा गाठायला पाऊण तास लागतो.