कर्जतहून आलेल्या बाया

रसायनीला माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात टाळेबंदी झाली, तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं. हे रोज सकाळी गेटवर जाऊन बसत. यांची युनियन देशभरच्या कामगार महासंघाला जोडलेली होती. त्यात रेल्वेवाले, वीजवाले, कागद गिरणीवाले सगळेच होते. हे महासंघाबद्दल भरभरून बोलायचे. मला मात्र ते दिल्लीतलं काहीतरी वाटायचं.

एक दिवस वस्तीत टेंपो आला. कर्जतच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या चार बाया तांदूळ, डाळ, बटाटे घेऊन उतरल्या. त्यातली एक, इंजिन ड्रायव्हरची बायको, आमच्या ओट्यावर टेकली. मी संकोचून विचारलं, "ताई, तुमी आमाला वळखत पण नाय. मग एवढा तरास कशाला?"

"आमच्या संपात यांना पोलिसांनी उचललं गं," ती म्हणाली. "घरात मी आणि आजारी सासू. तेव्हा रसायनीचे दोन कामगार आळीपाळीनं येऊन सासूला दवाखान्यात न्यायचे. त्यांना तरी आम्ही कुठं ओळखत होतो?"

मग तिनं हक्कानं चहा मागितला.

दिवाळीआधी टाळेबंदी उठली. पगारवाढ मागितल्यापेक्षा कमीच मिळाली, पण काढून टाकलेले सगळे कामावर परत आले.

पुढं खोपोलीच्या कागद गिरणीत संप झाला, तेव्हा कर्जतच्या बायांबरोबर मीही गेले. तिथल्या बायकांशी काय बोलावं ते सुचेना. म्हणून एकीच्या पुढ्यातली विळी माझ्याकडं ओढली आणि भाजी चिरायला बसले.