जबड्यांशेजारच्या चिठ्ठ्या

जबडे गोळा करणाऱ्यांकडे जबड्यांपेक्षा किस्सेच अधिक साठतात. यवतमाळच्या आमच्या निवृत्तांच्या मंडळाचेही तसेच झाले आहे. दर रविवारी आम्ही नदीनाल्यांच्या काठी नामशेष प्राण्यांचे अवशेष शोधतो. मी जुनी मॅट्रिक, अक्षर वळणदार. म्हणून जबड्यांशेजारी ठेवायच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे. किस्से निघाले की मंडळी हसतात. मी मान खाली घालते, कारण बहुतेक माझेच असतात.

पहिल्याच फेरीत मला एक लांबलचक जबडा मिळाला. आमचे प्रमुख, भूगोलाचे निवृत्त सर, पोहोचण्याआधीच मी शाईने लिहून मोकळी झाले : 'लक्षावधी वर्षांपूर्वीचा तृणभक्षी प्राणी'.

बांधावरचा गुराखी वाकून म्हणाला, "ते आमची म्हैस व्हय, बाई! मांगच्या पोळ्याले मेली!"

पुढे नामशेष रानबैलाचा खराखुरा जबडा सापडला. दातांत माती! मला ते पाहवेना. घरी नेऊन रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासून लख्ख केला.

सरांनी कपाळाला हात लावला. "बाई, त्या मातीवरूनच त्याचं वय कळणार होतं!"

"दात घासल्याने कोणाचे वय कमी होत नाही!" मी म्हटले. सगळे हसले. सर हसले नाहीत.

झरी जामणीकडे एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, राहणाऱ्या भीमाबाईंच्या न्हाणीत चक्क नामशेष हत्तीची दाढ होती, टाच घासायला!

"काहून हसता? मस्त घासते ते!" त्या म्हणाल्या.

त्याच भीमाबाईंनी मग आम्हाला नाला दाखवला आणि दुपारभर खुरप्याने खपून, एके काळी इथे नांदणाऱ्या पाणघोड्याचा अख्खा जबडा काढून दिला. आमच्या संग्रहातला तोच सर्वांत देखणा.

कॉलेजात प्रदर्शन मांडले, तेव्हा त्याच्या चिठ्ठीवर 'शोध' या शब्दापुढे मी मंडळाचे नाव लिहिले.

"आणि भीमाबाईंचं?" सरांनी विचारले.

"चिठ्ठी लहान आहे," मी म्हटले. तीन ओळींची जागा शिल्लक होती.

उद्घाटनाला भीमाबाई नवे लुगडे नेसून एसटीने आल्या. जबड्यावरून हात फिरवीत म्हणाल्या, "बाई, माह्यं नाव कुठी लिवलं वो?"

त्यांना वाचता येत नाही, हे मला ठाऊक होते. पाहुण्यांदेखत मी मंडळाच्या नावावर बोट ठेवले. "हे काय, इथे."

त्यांनी अक्षरांवरून हलकेच बोट फिरवले. "लय मोठं दिसते वो!"

मग दाराशी चपला काढणाऱ्या पाचवीतल्या नातीला त्यांनी हाक मारली, "सुमे, इकडं ये! माह्यं नाव वाचून दाखव सगळ्यायले!"