वाफेवर जीव टाकणारा मामा

पेणपासून रोह्यापर्यंत वाफेवर मनापासून प्रेम करणारा माणूस एकच झाला, आणि तो माझा मामा. कुकरची शिट्टी व्हायला लागली की तो हात वर करून घरातल्यांना गप्प करायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग मामीला सांगायचा, "रिंग ढिली झालीय गो." त्याचं निदान सहसा बरोबर निघायचं नाही, पण मामी बिचारी रिंग बदलायची. रोह्याच्या एका कंपनीत त्याने सगळी नोकरी बॉयलरवर केली होती. रोज पेणहून जायचा, शिफ्ट संपली की यायचा, आणि रजेच्या दिवशी बॉयलरची आठवण येते म्हणून चहाच्या आधणासमोर बसून राहायचा.

निवृत्त झाल्यावर हा माणूस करणार काय, अशी आम्हाला काळजी होती. ती एका रद्दीच्या दुकानाने मिटवली. तिथे त्याला एक इंग्रजी कादंबरी मिळाली. मुखपृष्ठावर पितळी चष्मा लावलेली एक मुलगी, आणि तिच्यामागे धुरांडी असलेलं उडतं जहाज. मामाचं इंग्रजी बॉयलरच्या माहितीपुस्तकांवर पोसलेलं. त्यामुळे यंत्रांची वर्णनं तो सरळ वाचत जायचा आणि प्रेमप्रकरण आलं की मला फोन करायचा. "ही पोरगी त्याच्यासाठी यर्निंग करते, म्हणजे काय रे? व्हॉल्व्हचा प्रकार दिसत नाय."

या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात, हे त्याला पुस्तकाच्या पाठीवरून कळलं, आणि मग पेणमध्ये ते कोणाला कळायचं बाकी राहिलं नाही. दाढी करणाऱ्यालाही तो समजावून सांगे. "समज, वीज आणि पेट्रोल कधी आलंच नाय. जग वाफेवरच पुढं गेलं. मग विमानं कशी असती? हिशेबाची यंत्रं कशी असती? माणसं काय घालून फिरली असती? त्याच्या या गोष्टी." जगभर लोक या गोष्टी नुसत्या वाचत नाहीत, तसे कपडे शिवतात, पितळेची चाकं जोडून घड्याळं नि टोप्या स्वतः बनवतात, मेळावे भरवतात, हेही तो सांगे. एकच तक्रार होती. "या पुस्तकांत साहेब वरून उडतो आणि आपण खालून हात दाखवतो. माझ्या गोष्टीत आपलं माणूस उडणार."

आधी त्याने पोशाख केला. वेल्डिंगच्या चष्म्याला पितळी कडी, जुन्या कोटाच्या बाह्या कापून केलेलं जाकीट, खिशाला साखळी. हा अवतार करून तो नागोठण्याला एका लग्नाला निघाला, तेव्हा मामी शांतपणे म्हणाली, "अवो, लग्नाला चाललाय का विहिरीत उतरताय?" मांडवात कोणीतरी त्याला "जनरेटरवाले ना तुम्ही?" असं विचारलं. मामा जेवला नाही. अपमान कपड्यांचा झाला म्हणून नव्हे. जनरेटर डिझेलवर चालतो म्हणून.

गणपतीत त्याने आरास केली तीही वाफेवरची. मूर्तीमागे चाकं फिरत, बगळे पंख हलवत. आख्खी आळी बघून गेली. दुसऱ्या दिवशी बाप्पाच्या गालावर घाम दिसू लागला आणि मामीने सगळी यंत्रणा परसात हलवली. "देवाला सर्दी झालेली नाय, त्याला वाफारा नको."

मामी खाडीकडची. तिच्या माहेरी मिठागर होतं, लहानपणी तिने मीठ ओढलं होतं. मामाच्या गोष्टीतली कप्तान मिठागरातलीच मुलगी होती. साहेबाच्या जकातीच्या चौकीवरून ती वाफेच्या उडत्या जहाजातून मीठ नेई आणि डोंगरातल्या गावांना वाटे. चिडली की खलाशांना "गप ऱ्हावा जरा" म्हणे. ही कप्तान कोण, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. एकट्या मामीला ठाऊक नव्हतं, कारण मामाने गोष्ट काढली की ती तांदूळ निवडायला आत जायची. "येवढा मोठा मानूस आन् विमानं उडवतोय," एवढंच म्हणायची.

मग ठाण्याला या छंदाच्या लोकांचा एक मेळावा भरला. मामा महिनाभर मामीच्या मागे लागला होता. शेवटी ती नऊवारी नेसून निघाली, आणि चष्मा मात्र हातात धरीन म्हणाली. मीही गेलो होतो. तिथल्या मुलामुलींनी मामाचं जाकीट पाहून कौतुक केलं आणि "या कोण?" असं विचारलं. मामा म्हणाला, "ही आमची कप्तान." मुलं "कप्तान, कप्तान" करत मामीभोवती जमली. मीठ कसं पिकतं, पाणी कधी घेतात, पायांना काय होतं, असं विचारत राहिली. मामी बोलत होती आणि मामा बाजूला उभा राहून बघत होता. मध्येच कधीतरी तिने तो चष्मा डोळ्यांवर चढवला होता.

परतीच्या गाडीत मामी खिडकीशी बसली. आपटा स्टेशन गेल्यावर म्हणाली, "त्या पोरी मना कप्तान का म्हनत होत्या? सांगा तुमची गोष्ट."

मामा माझ्याकडे बघून लाजला आणि सांगायला लागला. जिते गेलं, हमरापूर गेलं. पेण आलं तेव्हा जहाज वादळात सापडलं होतं.

"मग? उतरली का ती?" मामीने पिशवी उचलता उचलता विचारलं.

"घरी गेल्यावर सांगतो."

घरी पाहुणे बसले होते. मग मामीच्या बहिणीचं दुखणं निघालं, मामीची धावपळ सुरू झाली. गोष्ट आज सांगू, उद्या सांगू असं होत राहिलं. एका सकाळी चूल पेटवताना मामीच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

मामाने गोष्ट पुन्हा काढली नाही. आम्हीही बरेच दिवस विषय टाळला. गेल्या हिवाळ्यात मी धीर करून विचारलं, "मामा, शेवट ठरला होता का?"

"व्हय, ठरला होता. पन तो पयला तिला सांगायचा होता." मग म्हणाला, "चलतोस का खाडीवर?"

मामीच्या माहेरचं मिठागर आता बंद आहे. बांध फुटून खाडीचं पाणी आत आलंय. मामाने हात लांब करून दाखवलं, तिचा बाप कुठे बसायचा, ती कुठून डोक्यावर पाटी घेऊन यायची. पाण्यावर काही पाखरं उतरली होती. त्यांच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"ऊन चढलं," शेवटी म्हणाला, आणि बांधावरून उतरताना पहिल्यांदाच त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला.